हिरव्या खणाचं पुडकं

खंडेराव गेट, झाशी
१३ फेब्रुवारी

देविका,

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. घ्यायचा का नाही ते तुझं तू बघ.

तू झाशीला येऊन गेलीस. शनिवारी आलीस, सोमवारी गेलीस. आणि हे मला कोपऱ्यावरच्या ऑटोवाल्याकडून कळावं? आज सकाळी भाजी घेऊन येत होते तर तो दात काढत म्हणतो, "काए बाई, बिटिया आई ती तुमाई। हमईं ने तो घुमाओ।" फिरवलं म्हणे त्यानंच तुम्हाला. भर रस्त्यात मला "हो, हो" म्हणावं लागलं. म्हटलं, आली होती, घाईत होती. आईला लेकीसाठी खोटं बोलावं लागतं ते असं.

सदर बाज़ारच्या होटेलात उतरलात म्हणे. स्वतःच्या गावात होटेल! इथे तुझी खोली मी दर शनिवारी झाडते, कुणी राहत नाही तरी झाडते. राणी महाल बघितलास, गणेश मंदिरात गेलीस, ओरछ्याला जाऊन आलीस. जन्मलीस त्या गावात तिकीट काढून फिरलीस.

ऑटोवाला आणखी सांगत होता. चौकातल्या हलवायाकडे जलेबी मागवलीस आणि प्लेट समोर येताच नाकाला पदर लावून बाहेर पळालीस. तुपाचा वास नको झाला म्हणे. लहानपणी त्याच कढईपाशी पाय आपटून रडायचीस. पुण्याला राहून एवढं नाजूक नाक झालं का?

तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. मीच म्हणाले होते. तुझ्या बाबांच्या तेराव्याला तू आलीस तेव्हा दारात उभी राहून, चार माणसांसमोर मीच म्हणाले, "आता झाशीला यायचं तर परक्या लोकांसारखी ये. किल्ला बघ, बाजार कर, आणि जा. ह्या उंबऱ्यात पाय नको." म्हणाले. नाही कशाला म्हणू? पण त्याला दोन वर्षं झाली. घरातला माणूस जाऊन तेरा दिवस झालेले, तोंडाला लगाम नव्हता. लगाम मला होता तरी कधी? एवढी वर्षं माझ्या हाताखाली वाढलीस, माझं कुठलं बोलणं धरायचं आणि कुठलं सोडायचं ते कळत नव्हतं तुला?

निशांतशी लग्न केलंस ते मला पटलं नाही. आपल्याच वरच्या खोलीत राहणाऱ्या फौजी भाडेकरूंचा मुलगा. जात वेगळी. मी लग्नाला आले नाही. ते जे झालं ते झालं. पण गावात येऊन आईला न भेटता जायचं, हे तुला कुणी शिकवलं?

माझा फोन तू ब्लॉक का काय म्हणतात ते करून ठेवलायस. म्हणून लिहिते. माहेरच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले, तेवढ्यावर भागवते. हात दुखतो.

बाजारात कुठे कुठे गेलीस ते मला माहीत नाही. मी कुणाला विचारत बसले नाही. निदान एखाद्या दुकानात माझ्यासाठी निरोप तरी ठेवायचास.

आई


खंडेराव गेट
२२ फेब्रुवारी

देविका,

उत्तर नाही. बरं.

मागच्या पत्रात एक गोष्ट खोटी लिहिली. रात्रंदिवस टोचते आहे, म्हणून सांगून टाकते. निरोप तू ठेवला होतास. मला मिळाला होता.

दतिया गेटच्या सुभाषचंद्रजींनी पुडकं हातात दिलं. आपल्या मराठी घरांसाठी ते दोन-चार खण दुकानात ठेवतात, तुला माहीत आहे. म्हणाले, "बिटिया रख गई है। कह रही थी, मम्मी को दे देना, वो समझ जाएँगी। होटल का नाम भी लिखवा गई है।" वर हसले. "बड़ी प्यारी बच्ची है, आपसे डरती है अब तक।"

घरी येऊन उघडलं. हिरवा खण. लाल काठाचा, कोरा.

मी समजले, देविका. चांगलंच समजले. विधवा आईला हिरवा खण पाठवायचा. जिच्या कपाळावरचं कुंकू गेलं, जिला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ह्या गावातल्या चार मराठी बायकासुद्धा बोलावत नाहीत, तिच्या हातात सवाष्णीच्या ओटीतली वस्तू ठेवायची. मी तुला दारातून घालवलं त्याचं उट्टं काढलंस, असं मला वाटलं. तोंडाने बोलली असतीस तर बरं होतं. दोन मी ऐकले असते, चार सुनावले असते.

माझ्या सासूबाई घराण्याच्या रीती सांभाळत गेल्या, त्यांनी मला शिकवल्या, मी तुला शिकवल्या. विधवेला ओटी नाही, विधवेनं ओटी भरायची नाही. हे तुला माहीत नाही असं थोडंच आहे?

खण मी घरात ठेवला नाही. वरच्या खोलीत आता प्रांजली राहते, बबीन्याच्या छावणीतल्या हवालदाराची बायको, आपल्याकडचीच. तिला देऊन टाकला. म्हटलं, घाल शिवून. ती बिचारी खूश झाली.

एवढंच. तू टोमणा मारलास, मला लागला. आता झालं ना तुझं समाधान? मग फोन चालू कर.

आई


खंडेराव गेट
६ मार्च

देवू,

हे पत्र सगळं वाच. मागची फाडली असशील तरी हे वाच.

काल प्रांजली अंगणात कपडे वाळत घालत होती. तो खण शिवून घातला होता तिने. छान बसला होता. मी तुळशीला पाणी घालत होते. ती आपली सहज बडबडत होती.

"काकू, हा खण घातला की आईची आठवण येते. तिनं चोरओटीला मला अस्सा हिरवाच दिला होता."

मी म्हटलं, "कधी?"

"मोठ्याच्या वेळेला. तिसऱ्या महिन्यात. कुणाला सांगायच्या आधी गुपचूप भरतात ना ओटी? मी आईला काही बोलले नव्हते हं. नुसती समोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, घरात हिरवा खण आहे का गं? तर रडायलाच लागली."

माझ्या हातातला तांब्या सुटला. ती घाबरली. "काकू, चक्कर आली का?" मी म्हटलं, "नाही. तू वर जा." ती जाईना. मी ओरडले तिच्यावर. बिचारीची काही चूक नव्हती.

जलेबीचा वास नको झाला. मला कळलं नाही.

चोरओटी सांगून मागत नाहीत, म्हणून तू सांगितलं नाहीस. वो समझ जाएँगी, म्हणालीस. विधवेच्या घरात हिरवा खण कुठून असणार, म्हणून तूच विकत घेऊन ठेवलास. म्हणजे मला फक्त घेऊन यायचं होतं. सवाष्ण सासू आहे तुझी, तिनं हौसेनं भरली असती. ते सोडून तू एवढा रेल्वेचा प्रवास करून माझ्याकडे आलीस. माझं कपाळ मोकळं असताना माझ्या हातची मागितलीस. आणि मी तिसरंच काहीतरी वाचलं. सासूबाईंनी शिकवलेलं वाचलं.

आता सगळंच सांगते.

पुडकं मला तू गेल्यावर मिळालं असं मी भासवलं. तसं नाही. शनिवारीच मिळालं, दुपारी. सुभाषचंद्रजींनी स्वतः फोन करून बोलावलं होतं. तू अजून दोन दिवस होटेलात होतीस, मला होटेलचं नाव माहीत होतं. ऑटोवाल्याच्या आधीपासून सगळं माहीत होतं.

रविवारी सकाळी मी पुडकं पिशवीत घालून निघाले. भरायला नाही. तुझ्या तोंडावर फेकायला. सदरला पोचले तर तुम्ही दोघं ऑटोत बसत होतात. मी मागच्या ऑटोत बसले. तुम्ही किल्ल्यावर गेलात. मीही तिकीट काढलं. लग्न होऊन झाशीत आले तेव्हापासून किल्ला खालूनच बघितला होता, झाशीत राहून वर कोण जातं? चढावर दम लागला. मोठ्या तोफेआड उभी राहिले. नंतर तुमच्या मागे मागे गेले, जिथून राणीनं घोड्यावरून उडी घेतली म्हणतात तिथपर्यंत. गाइड पंचवीस माणसांना ओरडून सांगत होता, "पीठ पर बच्चा बाँध के, यहीं से!" लोक वाकून फोटो काढत होते. तू काढला नाहीस. तू कठड्याला टेकून उभी होतीस आणि तुझा हात पोटावर होता. निशांतनं बाटली पुढे केली, तू मानेनं नको म्हणालीस. मी म्हटलं मनात, बघा, चार पायऱ्या चढवत नाहीत.

दहा पावलांवर होते मी. "देवू" म्हटलं असतं तर ऐकू गेलं असतं. नाही म्हटलं. तू एकदा मागे वळून बघितलंस, मी गर्दीत तोंड फिरवलं. मग घरी आले आणि खण प्रांजलीला दिला. तू सोमवार संध्याकाळपर्यंत तिथे होतीस.

मला कळवू नकोस किती महिने झाले. मी मोजलेत. अजून उशीर नाही झालेला. पाचव्यात भरतात, सातव्यात भरतात. तू नुसतं "ये" म्हण. एका शब्दाचं कार्ड टाक. किंवा निशांतला सांग प्रांजलीच्या फोनवर सांगायला. त्याच्या आईचा आणि प्रांजलीचा काही फौजी ओळखीचा धागा आहे, नंबर मिळेल. मी उभ्या पावली निघते.

रीत गेली खड्ड्यात.

तुझी आई


खंडेराव गेट
३० मार्च

देवू,

काल निशांतचा फोन आला, प्रांजलीच्या फोनवर. चार वर्षांत पहिल्यांदा मला आई म्हणाला. त्यावरूनच मला कळलं की काहीतरी वाईट आहे.

"आई, बाळ राहिलं नाही. सोळा तारखेला." मग म्हणाला, डॉक्टर म्हणतात असं होतं कधी कधी, कुणाचा दोष नसतो. तीनदा म्हणाला. मी ऐकून घेतलं. पटलं नाही.

मी विचारलं, माझी पत्रं? तर म्हणाला, "उघडत नाही ती. पण फेकतही नाही. कपाटात साड्यांच्या खाली ठेवते." मी म्हटलं, मी येऊ का? तर तो म्हणाला, "आत्ता नको आई. तुमचं नाव काढलं की ती खोलीचं दार लावून घेते." चांगला मुलगा आहे. मला टाळून बोलता आलं असतं, नाही टाळलं. हे मी कधी म्हणेन असं वाटलं नव्हतं.

म्हणजे सहा तारखेचं माझं पत्र तुझ्या कपाटात होतं, बंद, आणि तू त्याच घरात पोट धरून बसली होतीस.

आज सकाळी मी सदरच्या होटेलात गेले. का गेले ते विचारू नकोस. घरात बसवेना. काउंटरवर एक म्हातारे गृहस्थ होते. मी तुमचं नाव सांगितलं, तारीख सांगितली. त्यांना लगेच आठवलं.

"वो पूना वाली बिटिया? अरे, वो तो दरवाज़ा खुला रख के बैठती थी जी। हमने कहा मच्छर आएँगे। कहती थी, कोई आने वाला है। कुर्सी ज़ीने की तरफ़ घुमा ली थी।"

मी विचारलं, आणखी काही?

"नारियल मँगवाया था, और थोड़े चावल। हम समझे कोई पूजा होगी। दूसरे दिन शाम को गाड़ी थी, वो सब मेज पर वैसा का वैसा छोड़ गई। नारियल हमने मंदिर में चढ़ा दिया।" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आप उनकी कौन?"

मी म्हटलं, कोणी नाही. गाव की हूँ.

नारळ, तांदूळ, सगळं तूच आणून ठेवलंस. फक्त हात माझे पाहिजे होते. एवढी मोठी झालीस तरी आईच्या येण्याची तयारी स्वतः करून बसलीस, जिन्याकडे तोंड करून. आणि मी त्या वेळी घरात कांदे चिरत होते आणि तुला शिव्या देत होते. मोठ्यानं. प्रांजलीला ऐकू जातील अशा.

बाबा असते तर त्यांनी पुडकं बघताच ओळखलं असतं. पुरुष असून ओळखलं असतं. ते मला नेहमी म्हणायचे, "प्रेमला, तू आधी चिडतेस, मग वाचतेस." आता कोण म्हणणार?

हे पत्रही तू उघडणार नाहीस. तरी लिहिते, कारण दुसरं काही येत नाही मला.

आई


(पोस्टकार्ड)

झाशी, ८ एप्रिल

देवू, पाकीट तू उघडत नाहीस म्हणून कार्ड टाकते. पोस्टमन वाचेल, शेजारी वाचतील, वाचू देत. मी पुण्याला येते आहे, परक्या माणसांसारखी. लॉजवर उतरेन. शनिवारवाडा बघेन, बाजार करेन. तुझ्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही. तुळशीबागेत राममंदिराजवळ प्रांजलीच्या मामांचं खणांचं दुकान आहे, विद्याधर नाव त्यांचं. तिथे तुझ्या नावानं डबा ठेवेन. १८ आणि १९ ला दिवसभर तिथेच बसेन. समजून घे. आई


पुणे
१९ एप्रिल, संध्याकाळ

देवू,

आले. गाडीत बसायला जागा होती पण डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. शेजारची बाई म्हणाली, "सोना है क्या अम्मा?" मी म्हटलं, हो.

डिंकाचे लाडू आहेत. डिंक बड्या बाज़ारातला, खारीक मी स्वतः कुटली, प्रांजलीला हात लावू दिला नाही. हे बाळंतिणीला देतात, तुला का, असं म्हणशील. कच्चं असलं तरी बाळंतपणच असतं ते. अंगातलं जे जायचं ते जातंच. कंबर दुखते, केस गळतात, आणि लोक म्हणतात काही झालंच नाही. तुझ्या आधी मला एक झालं होतं असंच. चौथ्यात. मी कुणाला सांगितलं नाही, तुला तर नाहीच. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी मला चुलीपुढे बसवलं. म्हणून मला माहीत आहे.

परवा पोचले त्याच दिवशी शनिवारवाडा बघितला. कबूल केलं होतं म्हणून बघितला. दरवाजा एवढा मोठा आणि आत नुसती जोती. एक बाई नवऱ्याला म्हणत होती, "एवढ्यासाठी तिकीट काढलं?" मी त्या जोत्यावर बसून राहिले थोडा वेळ. माझ्याबरोबर फोटो काढायला कुणी नव्हतं, ते एक बरं.

तुझा पत्ता पाठ आहे, चार पाकिटांवर लिहिलाय. पण त्या बाजूला फिरकले नाही. शब्द दिला होता.

दोन दिवस विद्याधरमामांच्या दुकानात बसले. भला माणूस. काल म्हणाले, "ताई, उगीच बसू नका, दोन गिऱ्हाइकांना खण तरी दाखवा." मग दाखवले. एक मुलगी आईला घेऊन आली होती, हिरवा खण हवा होता तिला. मी काढून दिला, घडी घालून दिली. विद्याधरमामांनी माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला स्वतः दाखवायला उठले.

आज दुपारी मी कोपऱ्यावर चहा प्यायला गेले. परत आले तर मामा दारातच उभे.

"ताई, मुलगी येऊन गेली तुमची."

मी म्हटलं, "कुठे?"

"मघापासून समोर त्या बांगडीवाल्याच्या आडून बघत होती. तुम्ही बसला होतात तोवर आली नाही. तुम्ही उठल्यावर आली. डबा दाखवला मी. झाकणावर हात ठेवला तिनं, उघडला नाही. नेला नाही."

"काही बोलली?"

"विचारलं, त्या वेळेवर जेवतात का? आणि त्या कधी जाणार? मी म्हटलं, आज शेवटचा दिवस. मान हलवली आणि गेली. फार खराब झाली आहे हो तब्येत तिची."

मी धावले नाही. तुळशीबागेतल्या गर्दीत कुणाच्या मागे धावणार? आणि तोफेआड मीही उभी राहिले होते. तेव्हा तू वळून बघितलंस आणि मी तोंड फिरवलं. आज मी चहा पीत होते, वळायलाही तिथे नव्हते. फिटलं असं मी म्हणत नाही. तसं ते फिटत नाही.

माझं तोंड बघायचं नव्हतं म्हणून गेलीस की मला थकलेली बघवलं नाही म्हणून, ते मी विचारणार नाही. ओटी भरायला मी आले नाही, देवू. ते आता नको. मला तुझ्यासमोर नुसतं बसायचं आहे. बोलू नकोस. मी बोलले तर म्हण, गप्प बस.

आज रात्रीची गाडी होती. तिकीट रद्द करून घेतलं. तू माझी दोन दिवस वाट बघितलीस, म्हणून मीही दोनच दिवस म्हणाले होते. आता तसं नाही म्हणत. उद्या मी आहे. परवाही आहे. लॉजवाल्याला सांगितलंय, कधी जाणार ते विचारू नको.

हे पत्र पाकिटात घालत नाही. डब्यावर उघडंच ठेवते.

दुकान दहाला उघडतं. मामांना सांगून स्टूल दाराकडे तोंड करून ठेवलं आहे. चहासुद्धा उद्या तिथेच मागवेन.

आई